एकाच अल्बमच्या पाच सीडी : जॅझच्या रीमास्टर आवृत्त्यांमधला आवाज कसा पारखायचा?

खर्ज
जुन्या जॅझचा प्रत्येक गाजलेला अल्बम सीडीवर चार-पाच वेळा निघालेला असतो. पहिली खेप १९८० च्या दशकातली. मग ‘२०-बिट’, मग ‘२४-बिट’, मग जपानी खास प्लास्टिकवरची, मग ‘मूळ मास्टर टेपेवरून’ अशी पट्टी लावलेली. शेवटची रीमास्टर (जुन्या टेपेवरून आवाज नव्याने तयार केलेली) आवृत्ती सगळ्यांत चांगली असणार, असं घेणाऱ्याला वाटतं. बऱ्याचदा तसं नसतं. का नसतं, याची तपशीलवार चर्चा एका जागी व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मांडतो. इथे सीडी या माध्यमाची अडचण नाही. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. १९५० च्या दशकातली, सेकंदाला १५ इंच वेगाने चालवलेली टेप ६०-६५ डेसिबलच्या आसपास थांबते, कारण तेव्हा डॉल्बी, म्हणजे टेपेची सळसळ दाबणारं तंत्र, नव्हतं (डॉल्बी-ए १९६६ चं). म्हणजे टेपेची सळसळ सीडीच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. स्टुडिओत काम करताना २४ बिट हवेतच, कारण प्रत्येक प्रक्रियेत थोडी चूक साचते. पण चकतीवर शेवटी १६ बिटच उतरतात आणि या संगीताला ते पुरतात.

फरक पडतो तो कोणती टेप वापरली, ती यंत्रावर किती नीट लावली आणि नंतर तिच्यावर किती हात फिरवला, यांनी. वेष्टनावर यातलं बहुतेक काहीच छापलेलं नसतं. जाणकारांनी भर घालावी.

पंधराइंची
टेपेपासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

‘मास्टर टेप’ हा शब्द फार सैल वापरला जातो. सत्राच्या वेळी यंत्रावर फिरलेलं रीळ ही पहिली पिढी. त्यातले निवडक तुकडे जोडून किंवा तीन ट्रॅकचे (टेपेवरच्या समांतर पट्ट्यांचे) दोन करून बनलेली टेप ही मुद्रणाच्या पद्धतीप्रमाणे पहिली किंवा दुसरी पिढी. एलपी कापण्यासाठी बनवलेली प्रत त्यानंतरची. या शेवटच्या प्रतीत अनेकदा खालचा बास कापलेला आणि मोठे आवाज दाबलेले असतात, कारण सुई खाचेतून उडायला नको. दुसऱ्या देशातल्या शाखेला गेलेली टेप आणखी एक प्रत. सीडीच्या पहिल्या काही वर्षांत कपाटातून हाताला लागेल ती टेप वापरली गेली. त्या काळच्या काही सीडी कोंदट वाजतात याचं कारण तिथे आहे. दोष डिजिटलला दिला जातो, पण टेपच तिसऱ्या पिढीची असते.

दोन उदाहरणं. जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ (मुद्रण ९ डिसेंबर १९६४) अनेक वर्षं कंप्रेशन (मोठे आणि लहान आवाज जवळ आणणं) केलेल्या दुसऱ्या पिढीच्या टेपेवरून निघत राहिला. इंग्लंडमध्ये ईएमआयकडे १९६५ च्या सुमाराला पाठवलेली एक प्रत त्यापेक्षा चांगली निघाली आणि २००२ ची दोन सीडींची आवृत्ती तिच्यावरून झाली. इथे नवी आवृत्ती जुनीपेक्षा स्वच्छ उजवी आहे, पण ते श्रेय टेपेचं. बिटांच्या संख्येचा त्यात काही भाग नाही.

दुसरं, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (२ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, कोलंबियाचा न्यूयॉर्कमधला ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ). पहिल्या सत्रात मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. टेप नंतर योग्य वेगाच्या यंत्रावर वाजली की सूर चढा लागतो. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, तीसहून जास्त वर्षं चढ्या पट्टीत निघत राहिली. शेजारच्या राखीव यंत्राचा वेग बरोबर होता. १९९२ च्या सोनेरी सीडीत ही दुरुस्ती प्रथम झाली. १९९७ मध्ये मार्क वाइल्डर यांनी राखीव तीन-ट्रॅक टेपेवरून नवं मिश्रण केलं, ते पुढे सगळीकडे पसरलं.

इथे एक भेद लक्षात ठेवा. तीन किंवा आठ ट्रॅकवरून पुन्हा दोन ट्रॅक करणं म्हणजे रीमिक्स, रीमास्टर नव्हे. त्यात वाद्यांच्या जागा, त्यांची पातळी आणि प्रतिध्वनीचं प्रमाण नव्याने ठरतं. ‘बिचेस ब्रू’च्या सत्रांचा १९९८ चा संच असाच आठ ट्रॅकवरून नव्याने मिसळलेला आहे. तो जास्त स्वच्छ वाटतो, पण १९७० मध्ये लोकांनी ऐकलेला तो अल्बम हा नव्हे. दोन्ही जवळ ठेवण्यासारखे आहेत. त्यांची तुलना मात्र रीमास्टरची तुलना म्हणून करू नका.

मध्यलय
सूर चढा आहे हे घरी कसं ओळखायचं? गाण्याची लांबी मिनिट-सेकंदात ताडून चालेल का?

पंधराइंची
लांबीवर भरवसा ठेवू नका. शेवटचा फेड कुठे संपवला आणि सुरुवातीची शांतता किती ठेवली यावर दहा-पंधरा सेकंदांचा फरक सहज पडतो. एखाद्या ठळक ठोक्यापासून दुसऱ्या ठळक ठोक्यापर्यंतचा वेळ मोजला तर चालतं.

पट्टी मोजणं जास्त सोपं. वेगात १ टक्का फरक म्हणजे सुरात साधारण १७ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). ६ टक्के म्हणजे जवळजवळ एक पूर्ण अर्धस्वर. ट्यूनर अ‍ॅप घ्या, पियानोचा एकटा आणि लांब टिकलेला स्वर शोधा आणि किती सेंट इकडेतिकडे आहे ते लिहा. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये तर दुसरी सीडीही लागत नाही. त्याच चकतीवरच्या ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लमेंको स्केचेस’ या दुसऱ्या सत्रातल्या आहेत आणि त्यांचा वेग बरोबर आहे. पहिली तीन गाणी या दोघींच्या मानाने स्पष्ट चढी दिसली तर सीडी जुन्या टेपेवरची आहे.

सुषिर
वेगाखालोखाल दुर्लक्ष होतं ते अ‍ॅझिमथकडे, म्हणजे वाचणारं हेड टेपेला अगदी काटकोनात आहे की नाही याकडे. ते किंचित तिरकं असेल तर वरचे स्वर गळतात. मग मास्टरिंग करणारा ट्रेबल वाढवतो, त्याबरोबर सळसळ वाढते, मग ती दाबायला नॉइज रिडक्शन येतं. तीन पायऱ्यांची ही पडझड एका स्क्रूच्या चुकीच्या कोनातून सुरू झालेली असते. म्हणून चांगले अभियंते प्रत्येक रिळाला हेड नव्याने जुळवतात. रिळावर चाचणीचे स्वर असतील तर त्यांवर, नसतील तर सिंबलच्या आवाजावर.

मोनो अल्बमची सीडी असेल तर ही चूक तुम्हाला स्वतः पकडता येते :

१. गाणं संगणकावर उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या करा.
२. एक बाजू उलटवा (इन्व्हर्ट) आणि दोन्ही एकत्र करा.
३. पूर्ण शांतता आली तर सीडीवर एकच सिग्नल दोनदा आहे. म्हणजे बहुधा अ‍ॅझिमथचं काम नीट झालं असेल किंवा एकच बाजू घेतली असेल, दोन्ही चांगलं.
४. नुसती सळसळ उरली तर मोनो टेप स्टिरिओ हेडवर वाजवली आहे. फारसं बिघडलेलं नाही.
५. सिंबल आणि ट्रम्पेटचा वरचा भाग फिरता-फिरता ऐकू आला तर दोन्ही बाजूंमध्ये वेळेचा फरक आहे.

पाचव्या प्रकारात दोन्ही बाजूंची बेरीज करून मोनो करू नका. फरक फक्त एका सॅम्पलचा (डिजिटल आवाजातला एक नमुना, २२.७ मायक्रोसेकंद) असला तरी बेरजेत ११ किलोहर्ट्झला ३ डेसिबल घट होते. दोन सॅम्पल असेल तर ती घट ५.५ किलोहर्ट्झला आणि ११ किलोहर्ट्झला आवाज पूर्ण नाहीसा. त्यापेक्षा दोन्हींतली जास्त स्वच्छ बाजू निवडा आणि तीच दोन्हीकडे वाजवा.

तिरकीट
ब्लू नोट कंपनीच्या १९५७-५८ च्या अल्बममध्ये हेडफोनवर सॅक्सोफोन पूर्ण डाव्या कानात आणि ड्रम्स पूर्ण उजव्या कानात येतात. रीमास्टर करताना हे नीट का करत नाहीत?

खर्ज
कारण टेपेवर ते तसंच आहे. तिथले ध्वनिमुद्रण अभियंते रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५७ पासून हॅकेनसॅकच्या स्टुडिओत दोन ट्रॅकचं यंत्र मोनोच्या जोडीने चालवायला सुरुवात केली. ऐकून निर्णय मात्र मोनोतच घेतले जात. दोन ट्रॅकच्या टेपेत वाद्यं दोन टोकांना बसली आहेत, मधे फारसं कोणी नाही. १९५८ च्या अखेरीस मोनोचं वेगळं यंत्र बंद झालं आणि त्यानंतरच्या ब्लू नोटच्या मोनो एलपी या दोन ट्रॅकच्या बेरजेतूनच झाल्या. यावरून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. १९५७-५८ च्या मुद्रणाची मोनो सीडी मिळाली तर ती स्वतंत्र मोनो टेपेवरची असू शकते, म्हणून शोधण्याजोगी. १९५९ नंतरच्या अल्बमसाठी मोनो सीडीवर वेगळा खर्च करू नका, अँपवरचं मोनोचं बटण तेच काम करतं.

हेडफोनसाठी क्रॉसफीड वापरा, म्हणजे एका बाजूचा थोडा मंद्र भाग दुसरीकडे पोहोचतो. बीएसटूबी या मोफत प्लगिनची ठरलेली मांडणी ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबल आहे. इतक्या टोकाच्या स्टिरिओला ती कमी पडते. ६५० हर्ट्झ आणि ९.५ डेसिबल ठेवून पाहा. डावा-उजवा भेद राहतो, पण कानाला एकच बाजू जड लागत नाही.

शून्यडेसिबल
ब्लू नोटचा विषय निघालाच आहे तर ‘आरव्हीजी (रूडी व्हॅन गेल्डर) एडिशन’बद्दल स्पष्ट लिहितो. ही मालिका १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. व्हॅन गेल्डर यांनी आपलीच जुनी मुद्रणं स्वतः २४-बिटमध्ये उतरवली. ज्याने मुद्रण केलं त्याचाच हात, म्हणून लोक डोळे झाकून घेतात. पण ज्या वर्षांत ती बनली, ती सीडी जोरात वाजवण्याच्या चढाओढीची वर्षं होती. मालिकेतल्या बऱ्याच चकत्या मोठ्या पातळीवर नेलेल्या आहेत, मधला भाग पुढे आलेला आहे, स्टिरिओची रुंदी काही ठिकाणी आवळलेली आहे. ट्रम्पेटचा तार सप्तकातला स्वर कानात घुसतो. रॉन मॅकमास्टर यांनी त्याआधी केलेल्या सीडी पातळीने खाली आहेत आणि आवाजाचा नंबर वाढवल्यावर बहुतेक वेळा जास्त मोकळ्या वाजतात. काही ठिकाणी मात्र त्या कोरड्या आणि पातळ आहेत, तिथे आरव्हीजी बरी. मालिकेच्या नावावरून निकाल देता येत नाही, एकेक अल्बम ऐकावा लागतो.

ऐकताना मात्र पातळी आधी जुळवा. हे केल्याशिवाय लिहिलेल्या मताला किंमत देऊ नका. फरक अर्धा-एक डेसिबल असला तरी कानाला तो ‘जोरात’ म्हणून जाणवत नाही, ‘जास्त स्पष्ट’ म्हणून जाणवतो. रीमास्टरचं निम्मं कौतुक इथेच जन्मतं.

कृती अशी. दोन्ही सीडी संगणकावर उतरवा. फूबार या प्लेअर प्रोग्रॅममध्ये रीप्लेगेन (गाण्याची सरासरी पातळी मोजणारी सोय) काढा, ते आर१२८ या मापनपद्धतीने −१८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) जुळवतं. समजा जुनी आवृत्ती −२० ला आहे आणि नवी −१३ ला, तर नवीला ७ डेसिबल खाली आणा. जुनीला वर नेऊ नका, पीक (लाटेची सर्वांत उंच टोकं) कापले जातील. मग पियानो, बास आणि ब्रश एवढंच असलेला ३० सेकंदांचा भाग निवडून त्याची पातळी पुन्हा तपासा. दोन आवृत्त्यांचा ट्रेबल वेगळा असेल तर पूर्ण गाण्याची सरासरी फसवते. फरक ०.२ डेसिबलच्या आत आणा. शेवटी एबीएक्स, म्हणजे कोणती आवृत्ती वाजते आहे ते न पाहता ओळखण्याची चाचणी : १६ फेऱ्यांपैकी निदान १२ बरोबर यायला हव्यात. अंदाजाने एवढ्या बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

पातळी जुळल्यावर काय ऐकायचं तेही सांगतो. राइड सिंबलवर काठी पडते तो क्षण आणि त्यानंतरची आस. बासची तार ओढली जाते तेव्हाचं बोट. ड्रमचा मोठा ठोका पडला की पियानो क्षणभर मागे जातो का? जात असेल तर लिमिटर (मोठे आवाज आपोआप दाबणारं साधन) जोरात चाललेला आहे. ब्रशवर्क असलेली बॅलड ही सर्वांत कडक परीक्षा. लिमिटर आणि नॉइज रिडक्शन, दोन्हींचे डाग तिथे दिसतात.

मध्यलय
डीआर मीटरचे आकडे बघून सीडी घेतली तर? एलपीवरून उतरवलेल्या फाइलींचे आकडे तर सीडीपेक्षाही चांगले दिसतात.

शून्यडेसिबल
डीआर मीटर तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतो, त्यातले सर्वांत मोठे २० टक्के घेतो आणि त्यांची सरासरी व पीक यांतलं अंतर सांगतो. जॅझच्या लहान गटाच्या सीडीला साधारण १२ ते १५ दिसलं की लिमिटरची शंका घेऊ नये. ८-९ दिसलं तर जपून. याहून जास्त अर्थ त्या आकड्यात नाही. कोंदट, चुकीच्या टेपेवरची सीडीही १४ दाखवते.

एलपीची तुलना तर करूच नका. सुई, कार्ट्रिज आणि चकतीचा घरघराट यांनी लाटेचा आकार बदलतो आणि पीक उंचावतात. त्याच लिमिटर केलेल्या मास्टरवरून कापलेली एलपीसुद्धा ३-४ अंक जास्त दाखवू शकते.

आणखी एक गोष्ट. जोरात नेलेल्या सीडीत सॅम्पल शून्य डेसिबलच्या आत असले तरी त्यांच्या मधली खरी लाट शून्याच्या वर जाते आणि काही डॅक (डिजिटल आकड्यांचं विजेच्या लाटेत रूपांतर करणारी यंत्रं) तिथे क्लिप होतात, म्हणजे लाटेची टोकं कापतात. संगणकावरून वाजवत असाल तर डॅकच्या आधी डिजिटल पातळी ३ डेसिबल खाली ठेवा. काही आरव्हीजी चकत्यांचा कर्कशपणा एवढ्यानेच कमी होतो.

सुषिर
१९८० च्या दशकातल्या जपानी सीडी घेणाऱ्यांसाठी प्री-एम्फसिसबद्दल. त्या काळच्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात आणि चकतीवरची एक खूण प्लेअरला ‘हे परत खाली आण’ असं सांगते. वाढ ५ किलोहर्ट्झला साधारण ४.५, १० किलोहर्ट्झला ७.६ आणि २० किलोहर्ट्झला ९.५ डेसिबल. सीडी प्लेअर हे आपोआप करतो. संगणकावर उतरवल्यावर ती खूण हरवते आणि सगळी फाइल तीक्ष्ण वाजते. ‘जुन्या सीडी कर्कश असतात’ हे मत काही वेळा अशाच फाइली ऐकून बनलेलं असतं.

सीडी संगणकावर उतरवणाऱ्या ईएसी या प्रोग्रॅमच्या ट्रॅकयादीत प्री-एम्फसिसचा वेगळा रकाना आहे, तो पाहा. तिथे ‘नाही’ दिसलं तरी काम संपत नाही. काही चकत्यांवर खूण यादीत नसून फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत साठवलेल्या जादा माहितीत) असते, तेव्हा सीडीआरडीएओसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण चकती वाचून घ्यावी लागते. खूण सापडली तर सॉक्स या ध्वनिप्रोग्रॅममधला ‘डीएम्फ’ हा इफेक्ट लावा. तो ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीवर नीट चालतो. परिणाम २४ बिटमध्ये साठवा. नुसता ट्रेबल कमी करून अंदाजाने जुळवू नका, वक्राचा आकार वेगळा आहे.

तिरकीट
आणि एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक वगैरे? खास पॉलिकार्बोनेट, निळ्या लेझरने कापलेला साचा... यांनी आवाज सुधारतो का?

पंधराइंची
त्याच मास्टरवरून निघालेल्या साध्या सीडीशी तुलना केली तर दोन्हींवरचे बिट एकच असतात. फाइली उतरवून वजाबाकी केली की शून्य उरतं. प्लास्टिक पारदर्शक असणं चांगलंच आहे, चकती वाचणं सोपं जातं, पण वाचून आलेली माहिती तीच. ऐकताना फरक वाटला तर तो मास्टर वेगळा असल्याचा, आणि जपानी आवृत्तीत तो अनेकदा वेगळा असतोच. म्हणून प्लास्टिकचं नाव सोडा आणि मास्टरिंगचं वर्ष शोधा.

एक्सआरसीडीचं प्रकरण वेगळं. तिथे टेपेपासून साच्यापर्यंतची सगळी साखळी जेव्हीसीने एका हातात ठेवली होती आणि अ‍ॅलन योशिदा यांच्यासारख्या माणसांनी सावकाश काम केलं. त्या चांगल्या वाजतात त्या कामामुळे. एसएसीडी या जास्त क्षमतेच्या प्रकारातल्या संकरित (साधा सीडी थरही असलेल्या) चकत्यांचंही तेच. तुमच्याकडे एसएसीडी प्लेअर नसला तरी साधा सीडी थर बहुतेक वेळा त्याच मास्टरिंगमधून आलेला असतो, तेव्हा चकती घ्यायला हरकत नाही.

शून्यडेसिबल
वजाबाकीचा उल्लेख झाला म्हणून पूर्ण कृती देतो. खरेदी-विक्रीत हिच्याइतकी उपयोगी दुसरी चाचणी नाही.

ईएसीत सुरक्षित पद्धतीने, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचनाची सुरुवात काही सॅम्पल पुढेमागे सरकणं) दुरुस्त करून दोन्ही चकत्या उतरवा. आधी नोंदीतले पीक ताडा. सगळ्या गाण्यांचे पीक दशांशापर्यंत सारखे असतील तर मास्टर एकच, पुढे जायची गरज नाही. वेगळे असतील तर दोन्ही फाइली ऑडॅसिटीत घ्या, पहिला ठळक ठोका सॅम्पलपर्यंत मोठा करून जुळवा, एक उलटवा आणि मिसळा.

पूर्ण शांतता आली तर तीच फाइल. पातळी किंचित बदलल्यावर शांतता आली तर फक्त आवाज वाढवलेला. सिंबल किंवा बासच तेवढा उरला आणि तो गाणंभर स्थिर राहिला, तर जुनंच डिजिटल उतरवणं घेऊन त्यावर ट्रेबल-बास फिरवला आहे. आणि सुरुवातीला थोडं जुळून पाच-दहा सेकंदांत सगळं विस्कटत गेलं, तर टेप खरोखर नव्याने वाजवली आहे. कारण टेप दोनदा वाजवली की वेग दोन्ही वेळी सॅम्पलपर्यंत सारखा राहूच शकत नाही. ‘मूळ टेपेवरून नवं रीमास्टर’ हा दावा खरा की खोटा, ते या शेवटच्या फरकातून कळतं.

मध्यलय
फारच उपयोगी. मग दोन चकत्यांत चार-चार अल्बम देणारे युरोपातले स्वस्त संच असतात, त्यांनाही हे लागू पडेल ना?

शून्यडेसिबल
नेमकं तिथेच सर्वांत जास्त. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षांचं होतं. २०११ मध्ये ते ७० वर्षांचं करायचं ठरलं आणि २०१३ च्या अखेरीपासून ते लागू झालं, पण १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं तोवर मोकळी झाली होती. म्हणून १९५० च्या दशकातल्या जॅझचे एवढे संच. त्यांच्याकडे टेप नसते. आधीची एखादी सीडी किंवा एलपी हाच त्यांचा स्रोत. सीडी असेल तर ती कोणती हे वजाबाकीने सापडतं, आणि वर नॉइज रिडक्शन मारलेलं असेल तर तेही. संगीताची ओळख करून घ्यायला हे संच ठीक आहेत, आवाजासाठी घेऊ नका.

जुनीतबकडी
टेपेआधीच्या जॅझबद्दल इथे अजून कोणी लिहिलं नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं रीमास्टरिंग ही वेगळी विद्या आहे. मास्टर टेप नाहीच. असलीच तर कारखान्याची धातूची प्रत, नाहीतर चांगल्या स्थितीतली तबकडी. किंग ऑलिव्हर यांचं १९२३ चं जेनेट कंपनीसाठीचं मुद्रण भोंग्यातून झालेलं, त्यात खालचे आणि वरचे स्वर मुळातच नाहीत. विजेवरचं मुद्रण १९२५ पासूनचं. भोंग्याच्या मुद्रणात बास ‘वाढवून’ दिलेली सीडी दिसली की समजा, वाढली आहे ती घरघर.

चांगलं काम करणारा आधी सुई निवडतो. वेगवेगळ्या जाडीच्या सुया असतात, आणि जिथे खाच झिजलेली नाही त्या खोलीवर टेकणारी सुई मिळाली की निम्मी खरखर संगणकाआधीच जाते. मग वेग. ‘७८’ हा आकडा नावापुरता, तबकडी ७६ पासून ८० पर्यंत कुठेही असू शकते, म्हणून वाद्यांच्या पट्टीवरून तो ठरवावा लागतो. त्यानंतर टिचक्या काढणं आणि शेवटी, अगदी थोडं, सळसळ कमी करणं.

बिघडतं ते शेवटच्या पायरीवर. सळसळ पूर्ण घालवली की तिच्याबरोबर क्लॅरिनेटची फुंक, बँजोच्या तारेची धार आणि खोलीची हवा जाते. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. ओळखण्याची खूण : दोन फ्रेजांच्या मधे कान द्या. वाद्य थांबल्यावर खरखर हळूच खाली जाते आणि वाद्य आलं की पुन्हा वर येते, असं होत असेल तर प्रक्रिया जास्त झाली आहे. एकसारखी सळसळ दोन मिनिटांत कान विसरतो, अशी वरखाली होणारी विसरत नाही. लुई आर्मस्ट्राँग यांचे हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन ऐकायचे असतील तर जॉन आर. टी. डेव्हिस यांनी केलेला जेएसपीचा चार सीडींचा संच घ्या. त्यात खरखर आहे आणि कॉर्नेटही जिवंत आहे.

खर्ज
आवाजाशिवाय आणखी एक बाब आवृत्ती निवडताना लागते, ती म्हणजे आत नेमकं काय आहे.

‘मिंगस आ अम’ (१९५९) च्या मूळ एलपीत जागा पुरावी म्हणून नऊपैकी सहा रचनांमधले तुकडे कापले होते. १९९८ च्या सीडीत ते परत जोडले आहेत. ड्यूक एलिंग्टन यांच्या १९५६ च्या न्यूपोर्ट मैफिलीची गोष्ट याहून मोठी. मूळ एलपीत बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या घातलेला होता, आणि पॉल गोन्साल्व्हेस यांचं ते २७ आवर्तनांचं सोलो दूरचं लागतं, कारण ते कोलंबियाच्या मायक्रोफोनमध्ये वाजवत नव्हते, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनमध्ये वाजवत होते. १९९९ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत दोन्ही संस्थांच्या मोनो टेपा जुळवून स्टिरिओ केलं आहे. दोन यंत्रांचे वेग जुळवून केलेलं हे काम आहे. सोलो त्यात समोर येतं.

उलट काही दोष दोष नसतात. बिल एव्हान्स त्रिकुटाच्या २५ जून १९६१ च्या व्हिलेज व्हॅनगार्डमधल्या संपूर्ण मुद्रणात ‘ग्लोरियाज स्टेप’चा पहिला टेक मधेच खंडित होतो. वीज गेली होती. सीडी परत करू नका.

तिरकीट
शेवटचं विचारतो. वापरलेली सीडी विकत घेताना विक्रेत्याकडून काय काय मागवावं, म्हणजे कोणतं मास्टरिंग आहे ते कळेल?

पंधराइंची
मागचं पान, आतली पुस्तिका आणि चकतीची मागची बाजू, तिन्हींचे फोटो. पुढचं मुखपृष्ठ उपयोगाचं नाही, ते पाचही आवृत्त्यांचं सारखंच असतं.

पुस्तिकेत ‘डिजिटल ट्रान्सफर’, ‘रीमास्टर्ड बाय’ किंवा ‘मास्टर्ड अ‍ॅट’ या शब्दांपुढचं नाव आणि वर्ष बघा. कॉपीराइटच्या ओळीत दोन वर्षं असतील तर दुसरं बहुधा त्या आवृत्तीचं. एएडी आणि एडीडी या अक्षरांवर विसंबू नका. ती मुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग कशावर झालं एवढंच सांगतात, कितव्या पिढीची टेप ते सांगत नाहीत.

चकतीच्या आतल्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. पुस्तिका आणि डबी बदलता येते, मॅट्रिक्स नाही. शेजारी आयएफपीआयने सुरू होणारे बारीक संकेत असतील तर ती प्रत १९९४ च्या सुमाराची किंवा नंतरची. नसतील तर बहुधा आधीची. पण सावध राहा, १९८० च्या दशकातलं मास्टरिंग पुढे वीस वर्षं त्याच कॅटलॉग क्रमांकाने छापलं जातं, आणि उलट, क्रमांक तोच ठेवून आतलं मास्टर बदललेलंही सापडतं. शंका राहिली तर विक्रेत्याकडून ईएसीची नोंद मागवा आणि पीकचे आकडे आपल्याकडच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या प्रतीशी ताडा.

सुषिर
फोटो मागवताना चकती दिव्यासमोर धरून काढलेलाही एक मागा. वरच्या बाजूने सुईएवढी छिद्रं चमकताना दिसली किंवा कडेकडून चकती तपकिरी पडत आलेली दिसली तर अ‍ॅल्युमिनियमचा थर खराब होऊ लागला आहे. दुर्मीळ मास्टरिंग असेल तर ती अजून वाचली जाते आहे तोवरच उतरवून घ्या, आणि उतरवलेली फाइल अ‍ॅक्युरेटरिपला (इतरांनी उतरवलेल्या फाइलींशी ताडून पाहणाऱ्या यादीला) जुळते का ते पाहूनच चकती बाजूला ठेवा.